टपावरची रिकामी जागा

सर्व्हिस मोटारीच्या टपावर अगदी पुढे, ड्रायव्हरच्या डोक्यावर येईल अशी जी जागा रिकामी सोडलेली असते, ती कोणासाठी सोडली आहे, हे तुम्ही कधी कोणाला विचारले आहे काय?

नसेल विचारले. अंजनगावाहून दर्यापूरमार्गे अकोल्याला जाणाऱ्या आमच्या मोटारीत वर्षानुवर्षे बसणाऱ्यांनीही विचारलेले नाही. टपाला चारी बाजूंनी लोखंडी पट्ट्यांचा कठडा आहे. त्या कठड्यात पेट्या, वळकट्या, तेलाचे डबे, कापडाचे गठ्ठे, कोंबड्यांची खुराडी, कधी कोणाच्या लेकीला द्यायचा पलंगसुद्धा चढतो. वरून ताडपत्री पडते, दोर आवळले जातात. मागचे ओझे इतके वर जाते की बाभळीच्या फांद्या त्याला ओरबाडतात. पण पुढे, एक मोठी पेटी आणि एक वळकटी मावेल एवढी जागा एक आडवा दोर बांधून वेगळी काढलेली असते. त्या दोराच्या पलीकडे कोणी काडी ठेवत नाही. मोटार आदळते, आपटते, वाकते, आणि सगळ्या ओझ्याच्या पुढे ती मोकळी जागा ऐटीत प्रवास करते.

आश्विन महिना पुन्हा आला आहे. कपाशीची पहिली बोंडे उकलू लागली आहेत, जमिनीला भेगा पडताहेत, आणि विहिरीजवळच्या पट्ट्यात वहिनीचा झेंडू फुटला आहे. सकाळी मोटेवर गेलो तर वास आला. लोकांना झेंडूच्या वासाने दसरा आठवतो, तोरणे आठवतात. मला कोळशाचा धूर आठवतो. फूल हातात घेऊन नाकाशी धरले तरी त्यामागून तो करपट धूर येतोच, आणि माझे डोके फिरते.

लढाईच्या वर्षांत सरकारने पेट्रोल आपल्या रणगाड्यांना नेले आणि आमच्या मोटारींच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवली. अंघोळीचे पाणी तापवायचा बंब असतो ना, तसाच, पण माणसाहून उंच. त्यातल्या धुरावर मोटार चाले. चाले म्हणजे काय, धापा टाकी. निघण्याआधी किती तरी वेळ भट्टी फुंकत बसावे लागे. वाटेत कोळसा संपू नये म्हणून टपावर मागच्या बाजूला कोळशाची पोती रचलेली असत. पांढरे धोतर नेसून बसलेला माणूस अकोल्याला उतरे तेव्हा लोहाराच्या भात्यापासून उठून आल्यासारखा दिसे. पण टपाच्या मागच्या भागात बसणाऱ्या मालाचे हाल माणसांहून वाईट. खालून भट्टीची आच, शेजारून कोळशाची भुकटी, आणि वरून आश्विनाचे ऊन.

सडक म्हणाल तर नावाला होती. पावसाळ्यात आमची काळी माती चाकाला धरून ठेवते आणि पाऊस गेला की तिच्यातल्या चाकोऱ्या लोखंडासारख्या कडक होतात. लहान पूल दर साली वाहून जात. मग मोटार सडक सोडून गाडवाटेला लागे, धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधांवरून जाई, नाल्यात उतरे, पलीकडच्या काठावर चढे. तुरीची झुडपे खिडकीतून आत येत. एखादा शेतकरी काठी घेऊन वावरात उभा राही आणि मोटारीला शिव्या देई, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याच मोटारीने बाजाराला जाई.

त्या वर्षी विहिरीजवळचा पट्टा वहिनीने मागून घेतला होता. आमचे माळ्याचे घर. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि अंजनगावच्या बाजारात बसायचे, हे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर केले. वहिनीचे म्हणणे असे की दसऱ्याला अकोल्यात फूल लागते, आपण फूल लावू. आबा म्हणाले, "फूल म्हंजे पाहुना हाय पोरी. एका दिवसाचा." वहिनी म्हणाली, "मंग एक दिवस तं येऊ द्या त्याले." आबा हसले आणि पट्टा दिला. अट एकच, एक दसरा पाहू. फुले अकोल्याला ताजी पोचली तर पट्टा तिचा. नाही तर पुढच्या साली तिथे पुन्हा वांगी.

लग्न होऊन आल्यापासून वहिनीने ह्या घरात स्वतःच्या इच्छेने केलेली ती पहिली गोष्ट. तिने ओंजळीने पाणी घालून रोपे जगवली असे मी म्हणणार नाही, पाणी मोटेनेच दिले. पण सकाळी उठून ती आधी पट्ट्याकडे जाई आणि मग चुलीकडे, एवढे मी पाहिले आहे. आईने तिला त्यावरून टोमणेही पुष्कळ मारले. "चुलीले फुलं लागतीन आता," असे ती म्हणे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दव वाळेपर्यंत वहिनीने कोणाला पट्ट्यात पाय ठेवू दिला नाही. ओले फूल डाल्यात उबते आणि काळे पडते. ऊन अंगावर आल्यावर आम्ही तोडायला लागलो. बांबूच्या डाल्यांत खाली एरंडाची पाने, वर फुले, तीही दाबून नव्हे, मोकळी, आणि तोंडावर जुन्या लुगड्याचे फडके. बैलबंडीतून डाली सडकेच्या फाट्यावर नेली. वाटेत बंडीच्या चाकाची धाव दगडावर चढली की वहिनी दोन्ही हातांनी डाले धरी, जसे काही आत मूल निजले आहे.

मोटार आली ती वाजत, फुसफुसत. वहिनीने टप पाहिला. मागे भट्टी आणि कोळसा, मधे व्यापाऱ्यांचे गठ्ठे, आणि पुढे दोराच्या पलीकडे स्वच्छ, सावध, रिकामी जागा. भट्टीपासून सगळ्यात लांब. वाऱ्याच्या तोंडाशी. फुलांसाठीच केली असावी अशी.

"डायवरभाऊ," ती म्हणाली, "डाले पुढं ठेवा. मांगं भट्टी हाय, फुलं उबून जातीन."

गफूरभाई ड्रायव्हर भट्टीची राख झटकत होता. तो म्हणाला, "रख दो भाभी. मले का करा लागते? मी खाली बसतो. वरती कोन बसलं, मले दिसत बी नाई."

एक डाले वर चढलेही. तेवढ्यात खिडकीतून एक पागोटे बाहेर आले. नथ्थूबुवा, शेजारच्या गावचे, वयाने मोठे, कोणाच्याही लग्नात न बोलावता पुढे बसणारे. "ओ बाई! थे देशमुखाची जागा हाय."

"देशमुख कुठी हायेत?" वहिनीने विचारले.

"येतीन."

"त्यायची तं सोताची मोटार हाय नं?"

"मोटार बिघडते बाई. लोखंडच थे. समजा बिघडली, अन् फाट्यावर येऊन उभे राह्यले. मंग आपून काय म्हनाव? का बाप्पा, तुमच्या पेटीच्या जागी झेंडू बसला?"

मोटारभर हशा पिकला. मग सगळीकडून सुरू झाले. असं होत नसते. आजवर कोनी केलं नाई. बाईच्या जातीनं टपाचं काहून पाहाव. एक जण म्हणाला, फुलंच नेते का सोनं नेते. दुसरा म्हणाला, सोनं असतं तं मांडीवर घेतलं असतं.

ह्या जागेची हकीकत अशी. पहिली मोटार आमच्या भागात आली तेव्हा पावसात तिला वाट नव्हती. म्हाताऱ्या देशमुखांनी आपल्या वावरातून तिला जाऊ दिले. म्हणून टपावर पहिली जागा त्यांच्या पेटीची. हे उपकार मी नाकारत नाही. पण ते म्हातारे देशमुख वारले. मुलाने स्वतःची मोटार घेतली. मग तो अमरावतीला राहायला गेला. ते वावरही वाटण्यांत तुकडे तुकडे झाले. राहिली ती एवढी जागा.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस आहे. माझे काका अमरावतीच्या सभांतून पत्रके आणत आणि आई ती भिंतीला चिकटवी, कारण भिंतीला भेगा होत्या. त्यामुळे जुलूम, हक्क, जागृती हे शब्द मला मोट, नाडा, वखर ह्यांच्याबरोबरच येऊन मिळाले. तेव्हा मी फाट्यावर उभा राहून जे बोलायचे ते बोललो. जागा कोणाच्या मालकीची नसते, जो भाडे देतो त्याचा माल बसतो, गैरहजर माणसासमोर वाकणारी ही कसली रीत. मी चांगला तापलो होतो. माझा आवाज मला स्वतःलाच आवडू लागला होता, तेवढ्यात वरून क्लीनर म्हणाला, "भाषन नोको देऊ लेका, खालून डालं धर. थे दुसरं कलंडून राह्यलं."

पुन्हा हशा. आणि ह्या वेळी वहिनीही हसली, हे खरे आहे.

पण मग दादा शिडीवर चढला. माझा सख्खा भाऊ, तिचा नवरा. तो वर गेला, दोराच्या पलीकडचे डाले उचलले आणि मागे नेले. मग एकेक करून बाकीचीही तिकडेच, कोळशाच्या पोत्यांना टेकून ठेवली.

वहिनी खालून म्हणाली, "तुमी माह्या बाजूनं हा का त्या दोराच्या?"

दादा ताडपत्री ओढत म्हणाला, "मी कोनाच्याच बाजूनं नाई. मले उद्या दसऱ्याले ह्याच लोकायच्या घरी सोनं द्याले जाचं हाय."

पत्रकांत जुलूम करणारा नेहमी समोर उभा असतो. त्याला पगडी असते, चाबूक असतो, निदान आवाज तरी असतो. इथे दोराच्या पलीकडे कोणीच नव्हते. ओरडणारे, अडवणारे, डाली मागे नेणारे सगळे दोराच्या अलीकडचे, म्हणजे आम्हीच. अशा वेळी काय करायचे हे आमच्या घरातल्या एकाही भिंतीवर लिहिलेले नव्हते.

दर्यापूरच्या अलीकडे एक नाला आहे. पूल गेला होता, म्हणून गफूरभाईने मोटार वावरातून खाली उतरवली. उतरली झक्क. पलीकडच्या काठावर चढताना मात्र तिने मान टाकली. मागे भट्टी, वर कोळसा आणि गठ्ठे, त्यांना टेकून आमची डाली. पुढे काहीच नाही. काठ चढू लागली की पुढची चाके जमिनीला धरीनात. मोटार मागच्या पायावर उभ्या राहिलेल्या बैलासारखी दिसू लागली. बायका किंचाळल्या. सगळे उतरले, ढकलू लागले. हलेना.

"आगे वजन पाहिजे," गफूरभाई ओरडला. "चार लोक आगे बैठो!"

आणि चार माणसे पुढे बसली. दोघे इंजिनाच्या झाकणावर, दोघे चाकांवरच्या पत्र्यावर. धोतरे सावरत, तापलेल्या पत्र्याने चटके बसताहेत, इंजिन बुडाखाली थरथरते आहे, तरी बसली. त्यांत नथ्थूबुवाही होते, एका हाताने दिवा आणि दुसऱ्या हाताने पागोटे धरून.

वहिनी काठावर उभी होती. ती म्हणाली, "बुवा, तुमच्यापरीस माहे डाले पुढं ठेवले असते तं?"

"तुह्या फुलायचं कितीक वजन हाय बाई!"

"मंग गठ्ठे ठेवा. तेल ठेवा. टपावर पुढं जागा हाय नं."

बुवांनी वर पाहिले. रिकामी जागा त्यांच्या डोक्याच्या बरोब्बर वर होती. क्षणभर मला वाटले, आता कळेल. आता ह्या माणसाला कळेल. पण बुवा दिव्याला आणखी घट्ट धरत म्हणाले, "गफूर, चाल पुढं. बुड जळून राह्यलं माहं."

मोटार चढली. माणसे पुढे बसवून चढली. मी आजही तो नाला ओलांडताना दात आवळतो. स्वतःचे बुड भाजून घेतील, मोटार उलटेपर्यंत वाट पाहतील, पण दोर सोडणार नाहीत! ह्याला काय म्हणावे? भीती म्हणावी तर भीती घालणारा नाही. भक्ती म्हणावी तर देव नाही. लोभ तर नाहीच, ह्यात सगळ्यांचे नुकसानच आहे. मी पुष्कळ शब्द शिकलो आहे, पण ह्याला माझ्याजवळ शब्द नाही.

अकोल्याला डाली उतरवली तेव्हाच कळले. फडके काढले आणि आतून वाफ आली, उकडलेल्या पाल्याचा वास आला. वर काजळी, आत काळी पडलेली फुले, पाकळ्या हाताला चिकटत होत्या. बाजारातल्या हाराच्या दुकानदाराने एक फूल उचलले, हुंगले आणि परत ठेवले. दादा विडी ओढायला बाजूला गेला. वहिनीने पदर खोचला, जमिनीवर बसली आणि काळ्यातून पिवळे निवडू लागली. सुटी फुले कोणी घेणार नव्हते, म्हणून तिने सुई-दोरा मागून आणला आणि हार गुंफायला लागली. मी शेजारी बसून फुले पुसून देत होतो. त्या संध्याकाळी तिने एकच वाक्य म्हटले. "आबा इच्यारतीन तं मीच सांगन."

दसऱ्याच्या सकाळी मोटार धुऊन उभी होती. भट्टीला हळदीकुंकू लागले, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फुटला. परतीचे उतारू गोळा झाले होते. नथ्थूबुवा वहिनीकडे आले, अगदी मायेने. "बाई, हार दे एक. चांगला लांब दे. मोटारीले पाह्यजे."

वहिनीने उरलेल्यातला सगळ्यात लांब हार दिला. क्लीनरने तो वर नेला. मला वाटले दिव्यांवर घालतील, इंजिनावर घालतील. तर तो त्यांनी टपावरच्या पुढच्या कठड्याला, त्या रिकाम्या जागेभोवती, आडव्या दोरावरून फिरवून बांधला. सगळ्यांनी खालून हात जोडले.

वहिनी पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाह्यलं भाऊजी? काल ठेवाले जागा नोती, आज वाहाले हाय."

परत येताना तारेवर नीलकंठ दिसला, दसऱ्याचा शुभशकुन. सगळी मोटार त्याच्या पाया पडली. मी नाही पडलो. पाखराचा काही दोष नव्हता, पण त्या दिवशी मला कोणाच्याही पाया पडणे शक्य नव्हते.

पुढच्या साली पट्ट्यात वांगी आली. आबा वाईट माणूस नाहीत. ते एवढेच म्हणाले, "एक दसरा पाह्यला नं आपून?"

मी गप्प बसलो नाही. मी पत्रक लिहिले, छापून घेतले, मोटारीत वाटले. लोकांनी त्यात चिवडा बांधून नेला. नथ्थूबुवांनी मात्र ते कोणाकडून तरी वाचून घेतले आणि मला थांबवून सांगितले, "बरं लिवलं तुनं. पन जागा देशमुखाची हाय, थे तं तुनंबी लिवलंच नं?"

शेवटी मी अमरावतीला जाऊन देशमुखांनाच गाठले. सभ्य गृहस्थ. खुर्ची दिली, चहा दिला. मी सगळे सांगितले, जागा, दोर, नाला, फुले. ते ऐकून त्यांचे डोळे ओलावले. "अजून ठेवतात का हो जागा? बरं वाटलं ऐकून. माणसं फार चांगली आहेत तिकडची."

मी म्हणालो, "मग तुम्ही एकदा सांगा त्यांना, दोर सोडा म्हणून."

ते म्हणाले, "मी कसा सांगणार? मी थोडाच बांधला आहे तो?"

त्या वाक्याचा मला आला तेवढा राग दुसऱ्या कशाचाच आला नाही. कारण ते खरे होते.

आता लढाई संपली आहे. भट्टी मोटारीच्या पाठीवरून उतरली. ह्या वर्षी तर मोटारच नवी आली, नवा कठडा, नवी हिरवी ताडपत्री. ज्या सुताराने तिचा सांगाडा बांधला त्याला आमच्या देशमुखांचे नावही माहीत नाही. मी मुद्दाम पहिल्या दिवशी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. मोटार आली. टपावर पुढे जुना, काळपट, आडवा दोर बांधलेला होता. जुन्या मोटारीवरून सोडून आणून बांधला होता. स्वराज्य दाराशी आले आहे म्हणतात. येईल तेव्हा येवो. पण ते आमच्या मोटारीने आले तर त्याचे गाठोडे हे लोक कुठे ठेवतील, हे मला आजच दिसते आहे. मागे, गठ्ठ्यांच्या खाली.

वहिनी मात्र हटली नाही. त्या काळ्या फुलांतली थोडी तिने वाळवून ठेवली होती. दर साली धुऱ्यावर चार रोपे लावी, बी धरी, पुन्हा लावी. औंदा वांग्यावर मर रोग आला, पट्टा उघडा पडला. ती आबांपुढे जाऊन उभी राहिली. आबा म्हणाले, "लाव. अजून एक दसरा पाहू. पन ह्याच्या पुढं नाई." आणि आज तो पट्टा असा फुटला आहे की मोटेचे बैलसुद्धा तिकडे मान वळवतात. भट्टी नसली तरी मागची धूळ तीच आहे, आदळआपट तीच आहे, आणि गठ्ठ्यांखाली चेपलेले फूल कोळशाने काळे झालेल्या फुलापेक्षा बरे नसते. ह्या वेळीही फुले मेली तर पट्टा कायमचा गेला.

म्हणून वाचकहो, विनंती आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही त्या मोटारीत असाल तर आमच्या फाट्यावर डाले घेतलेली एक बाई तुम्हांला दिसेल. भाषण करू नका. ते मी पुष्कळ केले आहे आणि त्याने एक फूल वाचले नाही. नथ्थूबुवांशी भांडूही नका. तुम्ही फक्त शिडीवर चढा, दोराची गाठ सोडा आणि तिच्या हातातले पहिले डाले वर घेऊन पुढे ठेवा. दादाला आणि मला हे जमले नाही. आम्ही त्याच लोकांचे आहोत. अनोळखी हात असला तर कदाचित कोणी बोलणार नाही. आणि देशमुख खरोखरच पुढच्या फाट्यावर उभे असले, तर त्यांची पेटी मी मांडीवर घेऊन अकोल्यापर्यंत बसेन. ती काळजी माझ्यावर सोडा. तुम्ही तेवढी गाठ सोडा.